आखाजीची बोट

चैत्र निम्मा सरला की जळगावातले दुपारचे रस्ते रिकामे होतात. दुकानांची शटर अर्ध्यावर येतात. गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरून कुरडया वाळत घातलेल्या असतात, आणि उन्हात त्यांचा आंबूस वास जिन्यापर्यंत उतरतो. फैजपूरकडून आलेला माणूस बोलायला बसला की आधी केळीच्या बागेला लागलेल्या वाऱ्याचं सांगतो, मग घरच्यांची खुशाली. वर्तमानपत्राच्या कचेरीत या दिवसांत तापमानाची बातमी पहिल्या पानावर ठरलेली. आकडा बदलतो. मथळा तोच राहतो.

यंदा याच दिवसांत सहलीच्या एजंटाचा निरोप आला. गेल्या वर्षी बोटीच्या सहलीला गेलेल्या गटांसाठी खास सवलत, असं काहीतरी होतं. खाली निळ्या पाण्याचं चित्र आणि जोडलेले दोन हात. निरोप वाचून फोन उपडा ठेवला. अंकाचं पान लावायचं होतं, ते लावलं. उत्तर अजून दिलेलं नाही.

त्या सहलीची सुरुवात भरताच्या शेकोटीपाशी झाली होती. पौषात आमच्याकडे माणसं शेतात जमतात ती भरतासाठी. फैजपूरजवळ आमच्या चुलतभावाच्या शेतात कापसाच्या वाळल्या काड्यांवर हिरवी लांब वांगी भाजली जात होती. साल काळी पडून तडकली की आतून वाफ शिट्टी घातल्यासारखी निघायची. लाकडी बडगीत वांगी, मिरची आणि लसूण ठेचण्याचं काम माझ्या मेहुण्यांकडे होतं. हे नाना. धुळ्यात त्यांचं शेतीपंपाचं दुकान. माझी थोरली बहीण, अक्का, तरुणपणीच त्या घरात गेली. अक्काला धुळ्याची अहिराणी कळते, पण ती बोलत नाही; नाना दुसरं काही बोलत नसत.

ठेचता ठेचता नाना म्हणाले, "आवंदा आखाजी बोटवर करूत."

धूर डोळ्यांत जात होता.

"कोन्ती बोट?" त्यांचे दोस्त रामदास आबा म्हणाले. "पांझरामा पानी तरी शे का?"

"समिंदरमा. मुंबईथीन निंघनी का गोवा, आनि परत. मी चौकशी करेल शे. बठ्ठा जन चला."

"आनि बुडनी ते?"

"केळना खांब धरीसन येऊत घर. या फैजपूरवाला कोनता दिवस कामले येतीन?"

सगळे हसले. माझ्याकडे वळून नाना म्हणाले, "काय पत्रकार, पेपरमा ये का नही हाई बातमी?" आखाजीचा दिवस त्यांनी मुद्दाम धरला होता. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, लेकी-बहिणी माहेरी येतात. धुळ्याच्या घरी तशीही सगळी माणसं जमायचीच. घराऐवजी बोट, एवढाच फरक, असा त्यांचा हिशोब. खान्देशात समुद्र नाही. त्या शेकोटीभोवतीच्या निम्म्या माणसांनी तो पाहिलेला नव्हता, आणि उरलेल्यांनी किनाऱ्यावर पँट दुमडून उभं राहून पाहिला होता.

पुढचे काही आठवडे आखणीत गेले. आखणी म्हणजे लग्नघराचीच होती, फक्त मांडव पाण्यावर. 'आखाजी बोटवर' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप गट निघाला. कोण कोणाच्या खोलीत झोपणार, यावरून दोन जावांमध्ये अबोला झाला आणि मिटला. जळगावातल्या एजंटाच्या वातानुकूलित कचेरीत नाना, रामदास आबा आणि मी गेलो. एजंट पोरसवदा होता, टाय लावलेला. नानांनी त्याला विचारलं की आमचा आचारी बोटीवर आणला तर त्याची झोपायची सोय कुठे होईल.

"काका, आचारी नाही आणता येत. जेवण त्यांचंच असतं."

"मांडा कोन करी? खापर त्यास्नाजोडे शे का?"

एजंटाने माझ्याकडे पाहिलं. खापरावर भाजलेल्या पुरणपोळ्यांना आम्ही मांडे म्हणतो, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, बाहेरचं खाणं बोटीवर चालत नाही.

"ठेचा?"

"ठेचा पण बाहेरचाच झाला ना, आबा."

"अवशद म्हनीसन?" रामदास आबांनी शेवटचा प्रयत्न केला. मग आखाजीचा झोका बांधायला डेकवर कडी आहे का, हे विचारायचं राहिलं म्हणून नाना अर्ध्या जिन्यातून परत गेले. खाली उभं राहून आम्ही त्यांचा आवाज ऐकत होतो. बाहेर माघातलं ऊन अजून सोसण्यासारखं होतं.

एक माणूस तेवढं तयार नव्हतं. नानांची थोरली बहीण, कमलबाई. त्या मुक्ताईनगरजवळच्या एका गावात दिलेल्या. यजमान गेले, मुलगा सुरतेत असतो. आई-वडील कधीच गेलेले. त्यांचं माहेर म्हणजे नाना, एवढंच. दर आखाजीला नाना स्वतः त्यांना आणायला जात. माहेरवाशिणीला आणायला जो जातो त्याला मुऱ्हाळी म्हणतात, आणि मुऱ्हाळी आल्याशिवाय कमलबाई उंबरा ओलांडत नसत. मोबाइल आले, घरोघर गाड्या झाल्या, तरी हे बदललं नाही. एरवी त्या तिकडची पूर्वेकडची बोली बोलतात; भावाशी फोनवर दोन वाक्यं झाली की अहिराणीवर येत. नानांनी फोन स्पीकरवर लावला तेव्हा त्या म्हणाल्या, "पानीवर मनं काय काम? मी कसाले येऊ?"

"मी मुऱ्हाळी येस ना, अक्का," नाना म्हणाले. बहिणीला तेही अक्काच म्हणत. "तठेथीन सरळ बोटवर."

पलीकडून "ये मंग," एवढं आलं.

फाल्गुनात नाना गेले. सकाळी दुकान उघडायला निघाले होते. चपला घालायला ओट्यावर बसले आणि उठले नाहीत. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. बातमीत कारण असंच एका शब्दात येतं.

त्यांची निधनवार्ता मीच लिहिली. चार ओळींचा मजकूर असतो, त्याचा साचा ठरलेला आहे. पश्चात पत्नी, मुलगा, सून, बहीण असा परिवार आहे. बहीण शेवटी येते, कारण क्रम तसाच असतो. फोटो निवडताना गटातलेच चाळले. भरताच्या धुरातला एक होता, तो घेतला नाही. दुकानाच्या परवान्यावरचा घेतला.

दुःख झालं, असं लिहिणं सोपं आहे. प्रत्यक्षात काम वाढलं, इतकंच जाणवलं. दारावर येणाऱ्यांची रीघ, सतरंज्या, पाण्याचे जार, कोणाला कळवायचं राहिलं ते. अक्का भिंतीला टेकून बसलेली असे. आलेल्या बाया तिच्या गळ्यात पडून रडत आणि ती त्यांच्या पाठीवर थोपटत असे, जणू दुःख त्यांच्या घरी झालं आहे. ती रडली नाही. अंगावरून वारं गेलेला हात जसा आपलाच असून आपला नसतो, तसं त्या घरातलं सगळं झालं होतं. दहाव्याच्या आसपास कोणीतरी सवयीने गटावर सकाळचा शुभेच्छेचा फोटो टाकला. त्यात समुद्रावर सूर्य उगवत होता. कोणी काही लिहिलं नाही, ज्याने टाकला त्याने काढलाही नाही.

तेराव्याला, आमच्याकडे ज्याला गंधमुक्ती म्हणतात, पंगतीत हलक्या आवाजात एक प्रश्न फिरत होता. बोटीचं काय? प्रश्न वाईट नव्हता. माणसं जेवताना मेलेल्याच्या गोष्टी संपल्यावर जिवंतांच्या गोष्टींवर येतात, तसाच तो आला होता. पण अक्काला कोणी विचारलं नाही.

चैत्रात तिचा मुलगा सागर पुण्याहून आला. मीही धुळ्याला गेलो होतो. दुःखाचं वर्ष म्हणून घरात कुरडया-पापड घातलेले नव्हते. शेजारणीने तिच्यातल्या थोड्या आणून दिल्या होत्या, त्या परातीत झाकून ठेवलेल्या. कूलरचं पाणी संपल्यामुळे तो नुसताच गरगरत होता. रामदास आबा खुर्चीत बसले होते.

"आई," सागर म्हणाला, "एजंट विचारतोय. बोट रद्द करायची असेल तर आता सांगावं लागेल."

अक्का म्हणाली, "कमलबाईंना आणायला कोण जाणार?"

"अगं, मी बोटीचं विचारतोय."

"मी आखाजीचं विचारतेय."

"वहिनी," रामदास आबा म्हणाले, "भाऊच ऱ्हायना नही, त्या आते कसाले येतीन?"

"भाऊ नाही राहिला. घर आहे ना?"

सागर म्हणाला, मला सुट्टी आदल्या दिवशीपासूनच आहे, आत्याला फोन करतो, गाडी पाठवतो, चांगली एसी गाडी. अक्काने त्याच्याकडे पाहिलं. "गाडी मुऱ्हाळी होते का रे?"

मग ती माझ्याशी बोलली, पण माझ्याकडे न बघता. दरवर्षी चैत्र लागला की कमलबाईंचा फोन यायचा. यंदा आला नाही. यंदा कोणी गेलं नाही तर पुढच्या वर्षीही कोणी जाणार नाही. भांडण होणार नाही, कोणी काही तोडणार नाही. नुसतं थांबेल. म्हाताऱ्या बाईचं माहेर माझ्या हातून बंद पडलं, असं मला नको, ती म्हणाली. बोटीबद्दल ती काहीच बोलली नाही. सागरने एजंटाला आणखी काही दिवस मागून घेतले.

मुऱ्हाळी माहेरचा पुरुष असतो. भाऊ, भाचा, चुलतभाऊ. मी अक्काचा भाऊ. कमलबाईंना आणण्याचा अधिकार मला नाही. आखाजी तोंडावर आली तशी अक्का सकाळच्या एसटीने जळगावला आली, माझ्याकडे चहा घेतला आणि म्हणाली, "दिलीप, गाडी काढ. मी जाते मुऱ्हाळी."

भुसावळ ओलांडल्यावर रस्ता पांढरा दिसायला लागतो. दोन्ही अंगांना केळी, पानांच्या कडा करपलेल्या. केळीच्या ट्रकांमागे ओल्या देठांचा वास राहतो, तो काच लावली तरी आत येतो. अक्काच्या मांडीवर पिशवी होती. त्यात कमलबाईंसाठी लुगडं, खोबऱ्याची वाटी आणि साखर होती. परतताना मुक्ताईचं दर्शन घेऊ, असं ती म्हणाली. परतताना ते राहिलं. वाटेत आम्ही नानांबद्दल बोललो नाही. टोल, पंक्चर, नव्या पुलाचं काम, यावर बोललो.

कमलबाई ओसरीत तुरीची डाळ पाखडत होत्या. गाडीतून कोण उतरतं, ते त्यांनी सूप थांबवून पाहिलं. अक्का उतरली. त्यांनी तिच्या मागे पाहिलं. मी उतरलो, तरी त्यांची नजर गाडीकडेच राहिली.

"मुऱ्हाळी कोन हाय?"

"मी," अक्का म्हणाली.

शेजारच्या ओट्यावरची बाई उभी राहिली. "भावजय कधी मुऱ्हाळी येते का वं माय! आसं तं कुठी पाह्यलं नाही."

"तू घरात जाय," कमलबाई तिला म्हणाल्या, "तुह्यं दूध उतू चाललं."

आम्हाला पाणी दिलं, गूळ दिला. अक्काने लुगडं पुढे केलं. त्यांनी ते मांडीवर ठेवून घेतलं, घडी मोडली नाही. मग त्यांनी विचारलं, "नेते कुठी मले? घरी, का बोटीवर?"

अक्का म्हणाली, "तुम्ही म्हणाल तिथे. रद्दच करा म्हणतात सगळे. वर्षसुद्धा झालं नाही."

"त्यानं काय ठरोलं व्हतं?"

"आखाजी बोटीवर."

"मंग माह्यी आखाजी तिथीच. सकायी घरी त्याची घागर भरू, मंग निंघू."

"लोक बोलतील, बाई."

"लोकायले सांगजो, ननंदेनं नेलं."

बोट रद्द झाली नाही ती एवढ्यावर. गटावर सागरने एका ओळीत कळवलं. त्यावर कोणी अंगठे टाकले, कोणी हात जोडले.

एक गोष्ट सांगायला हवी. भावाच्या मागे बहीण पहिल्यांदा माहेरवाशीण होऊन येते तेव्हा ती दारातच भावजयीच्या गळ्यात पडून मोठ्याने रडते. माती झाली त्या दिवशीचं रडणं वेगळं, ते सगळ्यांचं असतं. हे तिचं एकटीचं. त्या रडण्याने ती घराला सांगते की हे अजून माझं माहेर आहे. धुळ्याला आमची गाडी आली तेव्हा गल्लीतल्या बाया पदर सावरून ओट्यापाशी जमलेल्याच होत्या. कमलबाई उतरल्या. नळावर पाय धुतले. उंबरा ओलांडून आत गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि पंखा वाढवायला सांगितला. बोलल्या त्या सासरच्या बोलीत, पाहुण्या आल्यासारख्या. बाया थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग एकेक करून गेल्या.

स्वयंपाकघरात अक्का म्हणाली, "रडल्या नाहीत."

"थकल्या असतील."

"माहेर मानलं असतं तर रडल्या असत्या." तिने गॅस बारीक केला. "उशीर झाला मला, असं वाटतं."



आखाजीला पहाटे सागरने नानांच्या नावाची पहिली घागर भरली. मातीची नवी घागर, तिच्यावर डांगर ठेवलेलं, खरबुजासारखं, पिवळं, गोड वासाचं. निखाऱ्यांवर तूप आणि घास टाकून आगारी दिली. धूर सरळ वर गेला. कमलबाई मागे उभ्या होत्या. हात जोडले, बाजूला झाल्या. ऊन चढायच्या आत दोन गाड्या आग्रा रोडला लागल्या. कसारा घाटात पोरांनी गाणी लावली, मोठ्यांनी बंद केली, घाट उतरल्यावर पुन्हा लागली.

बंदरावरची बोट बोटीसारखी दिसत नव्हती. एखादी कॉलनी पाण्यावर उभी करावी, तशी होती. बॅगा सरकत्या पट्ट्यावर गेल्या. वाजंत्री होती, फोटो काढणारे होते. हवा चिकट होती आणि तिला माशांचा आणि डिझेलचा वास होता. रामदास आबा प्रत्येक गणवेशातल्या माणसाला नमस्कार करत होते. नातेवाइकांच्या फोटोत अक्काला ओढण्यात आलं. ती कडेला उभी राहिली. हे आनंदाचं होतं की नव्हतं, ते त्या दिवशी सांगता आलं नसतं. आज त्या फोटोकडे पाहूनही येत नाही.

नानांच्या जागी अक्काच्या खोलीत कमलबाईंचं नाव घातलं होतं. बोटीच्या आतला बोळ लांबच लांब, जाड गालिचा, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, आणि इतकी थंडी की दोघींनी पदर गुंडाळून घेतले. कार्ड लावून दार मी उघडलं आणि कार्ड अक्काच्या हातात दिलं. आतला दिवा आपोआप लागला. आरक्षण जोडप्याचं होतं, त्यामुळे दोन्ही पलंग एकत्र जोडून वर एकच पांढरी चादर घातली होती. पलीकडे गोल खिडकी, खिडकीत पाणी.

अक्का आत जाऊन वळली. कमलबाई दारात थांबल्या. त्यांनी पलंग पाहिला, खिडकी पाहिली. आधी पदर तोंडाला लावला, मग तो सोडून दिला.

"मना भाऊ रे," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. मग मोठा झाला. "कथा गया रे मना भाऊ! तुन्या घर उनू रे मी!" त्या अक्काच्या गळ्यात पडल्या. बोळातली दारं उघडायला लागली. हाफ पँटमधली माणसं, ओले केस पुसणाऱ्या बाया, सगळे बघत होते. गणवेशातला एक तरुण धावत आला. "क्या हुआ सर? डॉक्टर को बुलाऊँ?"

"नहीं," मी म्हणालो. "मायके आई हैं."

त्याला ते कळलं नाही. तो तिथेच उभा राहिला. कमलबाईंचा आवाज त्या थंड बोळात टोकापर्यंत जात होता. अक्काचे डोळे कोरडे होते. एका हातात कार्ड तसंच धरून दुसऱ्या हाताने ती त्यांच्या पाठीवर थोपटत होती आणि म्हणत होती, "या, बाई. आत या." त्या खोलीचं दार जड होतं आणि सोडलं की आपोआप मिटत होतं. ते मिटू नये म्हणून तिने एक पाय दाराला घट्ट लावून ठेवला होता.